न जमलेल्यांची बैठक

बाईंसमोर स्वतःच्या विद्यार्थ्याचं कौतुक करायची सोय नव्हती. कुणी उत्साहाने म्हणालं, माझी अमुक परीक्षेत पहिली आली, की बाई हात हलवून त्याला थांबवायच्या. "बरं झालं हो. पेढे घरी वाटा. आता न जमलेला कोण, तो सांगा."

महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी काळाचौकीतल्या एका गणेशोत्सव मंडळाच्या खोलीत आम्ही सहा-सात संगीतशिक्षक जमायचो. ही बैठक बाईंनीच सुरू केलेली. एरवी आम्ही लोक एकमेकांना भेटतो ते परीक्षाकेंद्रावर, आणि तिथे जो तो आपलीच टिमकी वाजवतो. इथे नियम उलटा होता. आपल्याला न जमलेल्या विद्यार्थ्याची नक्कल करायची, तो चुकतो तसंच चुकायचं, आणि बाकीच्यांनी त्याला शिकवून दाखवायचं. माहीमचे डॉमनिक सर, व्हायोलिन शिकवणारे साठीचे गृहस्थ, एखाद्या भेदरलेल्या पोरासारखे गज आवळून बसायचे आणि आम्ही त्यांना खांदा सैल सोडायला शिकवायचो. हसून हसून पोट दुखायचं. पण शिकवायला मी शिकले ती त्याच खोलीत.

बाईंकडे पदवी नव्हती. वडील गिरणीत होते, त्यांच्या भजनी मंडळात बसून बाई गाणं शिकल्या. माझ्याकडे दोन पदव्या होत्या आणि हिंदमाताला साडीच्या दुकानावर नवा क्लास होता. सतरंजी मोठी आणि मुली चार.

एका रविवारी बाईंनी नक्कल केलीच नाही. "माझी न जमलेली आज नुसती सांगते," त्या म्हणाल्या. "तिचं काही चुकलं नव्हतं, माझं चुकलं." बाईंचा आवाज चढा, पेटीवरच्या काळी पाचचा. सगळ्या वर्गाला त्या आपल्याच पट्टीत गायला लावत. त्यात बारा वर्षांची एक मुलगी खालच्या आवाजाची होती. ती वर्षभर ताणून गात राहिली. एक दिवस तिचा आवाज बसला तो पुन्हा पूर्वीसारखा झालाच नाही, आणि तिने गाणं सोडलं. "माका कळाक होया होता," बाई त्यांच्या मालवणीत म्हणाल्या. डॉमनिक सरांनी त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला. त्या दिवशी कुणी सल्ला दिला नाही.

पंधरा दिवसांनी दोन आया माझ्या क्लासवर चौकशीला आल्या. त्यांच्या मुली बाईंकडे शिकत होत्या. एकीने विचारलं, "मॅडम, त्या काळाचौकीच्या बाईंचं शिकवणं कसं आहे हो? डिग्री नाही म्हणे त्यांच्याकडे."

चांगलं आहे, एवढंच म्हणायचं होतं. ते खरंही होतं. मी मात्र आवाज खाली आणला आणि म्हणाले, "कुणाला बोलू नका, पण त्यांच्याकडे एका मुलीचा गळा गेलाय." हे वाक्य आठवलं की आजही मला स्वतःची किळस येते. पुढच्या महिन्याभरात माझी सतरंजी भरली.

गोष्ट खोलीतूनच बाहेर गेली, हे सगळ्यांना कळलं होतं. कुणी नेली, ते बाईंनी विचारलं नाही. पण पुढच्या बैठकीत जो तो म्हणाला, "आज काही विशेष नाही." डॉमनिक सरांनी तर त्यांचा एक मुलगा स्पर्धेत पहिला आल्याचं सांगितलं, आणि बाईंनी त्यांना थांबवलं नाही. दोन-तीन महिन्यांत बैठक बंद पडली.

गेल्या वर्षी बाई कायमच्या मुलाकडे सावंतवाडीला जायला निघाल्या. त्याआधी एका संध्याकाळी त्या माझ्या क्लासवर आल्या. सोबत त्यांच्याकडे उरलेल्या तीन मुली होत्या. एकेकीला पुढे करत त्यांनी कुणाचा श्वास कुठे तुटतो, कोण घाबरली की लय पळवते, सगळं मला समजावून सांगितलं. माफी मागायची हीच वेळ होती. मी विचारलं काय, तर, "बाई, चहा घेणार?"

"नको गो."

"यांना माझ्याकडे का आणलंत?"

बाईंच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "माझी चूक तुला पाठ आहे," त्या म्हणाल्या. "तू ती करायची नाहीस."

मुली सतरंजीवर बसल्या. मी खाली मानेनेच पेटी उघडली आणि पहिलीला तिची पट्टी विचारली. मान वर केली तेव्हा बाई जिना उतरून गेल्या होत्या.