कडेच्या ओळींचं बियाणं शोधत : तिवसा ते तेल्हारा

वाचकहो, उशीर झाला, माफ करा. तेल्हाऱ्याहून परतून तीन आठवडे झाले. रोज मोबाईल हातात घेतला, दोन ओळी लिहिल्या आणि पुसल्या. मागे धारणीचा प्रवास लिहिला तेव्हा तुम्ही रस्ता विचारला, जीप कुठून मिळते ते विचारलं. ते सांगणं सोपं होतं, हे तसं नाही. पण पेरणी तोंडावर आली आहे. आता गप्प बसलो तर हे वर्षही हातचं जाईल.

नव्या वाचकांसाठी थोडं सांगतो. मी तिवस्याचा. सातवीपर्यंत शिकलो आणि मग बियाण्याच्या एका दुकानात काउंटरमागे उभा राहिलो, तो म्हातारा होईपर्यंत. बोंडअळीला आपणच मारणारी बीटी कपाशी आली तेव्हा आमच्या भागातल्या कितीतरी थैल्या माझ्याच हातून गेल्या. प्रत्येक थैलीत मोठ्या पाकिटासोबत एक लहान पुडी असायची. तिच्यात साधी, बीटी नसलेली सरकी. कास्तकार विचारायचा, "हे काय होय?" मी म्हणायचो, "काई नाई, फेकून दे." सोबतचं माहितीपत्रक मराठीत होतं. सातवी शिकलेल्याला वाचता आलं असतं. मी वाचलं नाही.

माझी लेक लता तेल्हाऱ्याजवळच्या एका गावात दिली आहे. गेल्या हंगामात तिच्या वावरातली बोंडं फुटायच्या आतच गुलाबी अळीनं पोखरली. त्याच सुमारास आमच्या ग्रामपंचायतीत कृषी सहायकाची सभा झाली आणि त्या पुडीचा अर्थ मला इतक्या वर्षांनी कळला. ती सरकी वावराच्या कडेनं पेरायची होती. त्या साध्या झाडांवर साध्या अळ्या जगाव्यात, बीटीला सरावलेल्या थोड्या अळ्यांचे पतंग त्यांच्या पतंगांशी जुळावेत, म्हणजे नुसती सरावलेलीच जात माजत नाही. आम्ही कडेच्या ओळी पेरल्याच नाहीत.

जावई विनोद फोनवर म्हणाला, "बाबा, हे एक साल पाह्यतो. यंदाबी अळी आली तं वावर मक्त्यानं देतो अन् पुण्याले जातो." मागे लताच्या भांड्यांचा आवाज येत होता. तेव्हा ठरवलं. साधी सरकी शोधायची, निदान लेकीच्या वावराच्या चार कडा पुऱ्या करायच्या. आणि तिच्या सासऱ्यांना, देवराव व्याह्यांना, ज्यांच्या थैल्या लग्नापासून माझ्याच काउंटरवरून जायच्या, समोर बसून सांगायचं की ती पुडी फेकायला तुम्हाला मीच सांगितलं होतं.

मे महिन्यात वऱ्हाडात फिरायचं असेल तर पहाटेची गाडी धरा. मी पाचला स्टँडवर होतो, गाडी सहाची. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीत तिकीट लागत नाही, पण आधार कार्ड जवळ ठेवा. तिवसा ते अमरावती रस्ता चांगला आहे. अमरावतीला स्टँडजवळ गिला वडा, म्हणजे आमच्याकडचा दहीवडा, खाल्ला. चव छान होती, पण दही आंबट लागलं आणि अकोल्यापर्यंत पोटाची काळजी करत बसलो. काही झालं नाही.

अकोल्याच्या गाडीत शेजारी एक मुलगी बसली. मूर्तिजापूरची, कृषीच्या शेवटच्या वर्षाला.

"आबाजी, तुमी घडीघडी पिशवीत काय पाहून राहिले?"

"आधार कार्ड."

"मंगाशी होतं ना?"

"मंगाशी होतं."

ती हसली. मग गोष्टी निघाल्या. ती पोटतिडकीनं बोलत होती. "जगात तोंडं वाढून राहिली, आबाजी, जमीन तं वाढत नाई. कमी पाण्यावर येणारा गहू पायजे, खाऱ्या जमिनीत तगणारं धान पायजे. बियाण्यातच बदल केल्याशिवाय एवढ्या लोकांले खाऊ कोण घालीन? अन् तेबी जमिनीची वाट न लावता?"

मी विचारलं, "अन् त्या बियाण्याच्या थैलीतबी पुडी असन?"

"कोणती पुडी?"

"कडेनं पेरायची."

"तशी काई ना काई अट असतेच. ते पाळलं तरच बियाणं टिकते. आपल्याकडे कोणी पाळत नाई, हाच तं वांधा हाय."

मी खिडकीबाहेर पाहू लागलो. बियाणं वाईट होतं असं मी म्हणत नाही. पहिली वर्षं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. हिरव्या अळीची फवारणी थांबली होती, पऱ्हाटी बोंडांनी वाकली होती, दुकानात लोक पेढे घेऊन येत होते. शास्त्रज्ञांनी एक चांगली वस्तू दिली आणि ती टिकवायची युक्तीही त्याच थैलीत घालून दिली. युक्ती आम्ही उकिरड्यावर टाकली. उद्या गहू येईल, धान येईल, त्यांच्याही थैलीत एक अट असेल आणि काउंटरमागे माझ्यासारखाच कोणीतरी उभा असेल. मग जगाचं पोट कसं भरणार, हे मला खरंच दिसत नाही. मूर्तिजापूरला उतरताना ती म्हणाली, "येतो आबाजी, आधार सांभाळा." मी कोण होतो ते मी तिला सांगितलं नाही.

अकोल्यात दहाला पोचलो. दुपारी बारा ते पाच इथे बाहेर पडू नका, डोक्याला दुपट्टा बांधा. मी दोन तासांत बियाण्याची सात दुकानं फिरलो. एकाकडे देशी कपाशीचं बी होतं, पण तोच म्हणाला की कडेला बीटीच्याच जातकुळीची साधी कपाशी लागते, फुलोरा एका वेळी यावा लागतो. तसं सरळ, म्हणजे संकर न केलेलं, वाण थोडंफार येतं, ते केव्हाच संपलं होतं. सातव्या दुकानात माझ्याच वयाचा मालक होता.

"साधी सरकी? पुडी आता अलग येतच नाई, भाऊ. कोणी पेरेच ना, मंग कंपन्यायनं थैलीतच मिसळून देली, तेबी मोजकीच, पयल्याएवढी नाई."

"सुटी कुठं भेटन?"

"बाप्पा! इतके वर्सं फुकटात भेटे तं फेकून देली, अन् आता पिशवी घेऊन इकत घ्याले आले!" दुकानातली चारही माणसं हसली. मग त्यानंच स्टूल पुढे केलं, थंड पाणी दिलं. माणूस चांगला होता.

अकोटमार्गे तेल्हाऱ्याला पोचायला दुपार कलली. रस्ता काही ठिकाणी खणलेला आहे, कंबर धरून बसावं लागतं. हा खारपाणपट्टा, इथलं विहिरीचं पाणी खारट लागतं. पिण्याचं पाणी सोबत न्या, मी पाच लिटरचा डबा नेला होता. विहीणबाई डबा पाहून म्हणाल्या, "आमच्या घरचं पाणीबी चालत नाई का इवाईबुवाले?" मी ओशाळलो.

रात्री आंब्याचा रस आणि सरगुंडे, काडीवर वळलेल्या कणकेच्या नळ्या, होते. दुसऱ्या वाढपाच्या आधीच मी देवरावांना सगळं सांगून टाकलं.  देवराव जेवत राहिले.

"मले मालूम हाय," ते म्हणाले. "तुमी फेका म्हणलं अन् आमाले बरं वाटलं. चार ओळी साध्या पऱ्हाटीच्या लावा अन् अळीले चारा, हे कोणाले पटलं असतं? तुमी लावा म्हणले असते तरी म्या लावली नसती."

यानं मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

मग ते उठले आणि आतून एक पत्र्याचं पीप घेऊन आले. आत पुड्या होत्या. सालोसालच्या, बंद, त्यांच्या वावराला लागलेल्या प्रत्येक थैलीतली. "फेका म्हणलं होतं तुमी. पण थैलीतली वस्तू आपली, फेकू काहून?" ते म्हणाले. "पेराची तं नवती. ठेवली."

मी पीप पुढे ओढलं. विनोद जेवता जेवता उठून आला. लता दारात उभी होती. वाचकहो, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला वाटलं की जमेल.

सगळ्यांत अलीकडची पुडी फोडली. तीही सहा-सात वर्षांपूर्वीची, पुडी अलग येणं बंद व्हायच्या आधीची. उगवण पाहायची आमची रीत तुम्हाला माहीत असेल. ओल्या बारदान्यावर शंभर दाणे मांडायचे, दहा-दहाच्या दहा ओळी, गुंडाळी करून सावलीत ठेवायची आणि ओल तुटू द्यायची नाही. मी दोन दिवसांसाठी गेलो होतो, सहा दिवस राहिलो. बारदान्यावर सकाळ-संध्याकाळ पाणी मीच शिंपडलं. पाणी खारं असल्यामुळे उगवण बिघडेल म्हणून माझ्या डब्यातलं वापरलं. विहीणबाई म्हणाल्या, "दोघं म्हातारे त्या बारदान्यापाशी असे बसून राह्यले, जशी बाळंतीणच हाय तिथं."

सहाव्या दिवशी सकाळी गुंडाळी सोडली. देवराव बोटानं एकेक दाणा उलटत गेले. शंभरात तीन उगवले होते. एकाचं मूळ काळं पडलं होतं. बाकीचे दाबले की पीठ होत होते. तरी त्यांनी अजून दोन जुन्या पुड्या फोडल्या, दाणे दातात धरून पाहिले, थुंकले.

विनोद म्हणाला, "राहू द्या बाबा. आपण चारी कडा पेरल्या तरी शेजारच्यायचं काय? पतंगाले धुरा-बांध दिसत नाई."

ते खरं आहे. एकट्याच्या चार कडांनी एक गाव वाचत नाही. हे मला घरून निघतानाही माहीत होतं.

 घरी आल्यावर ओळखीच्या सगळ्या दुकानदारांना फोन केले. निम्मे हसले, निम्मे बरं बघतो म्हणाले. परवा लताचा फोन आला. विनोदनं बियाणं घेऊन ठेवलं आहे, पण बाबांसाठी पेरणी आठ दिवस थांबवतो म्हणाला. नंतर ती हळूच म्हणाली, "बाबा, नाई भेटलं तरी तुमी मनाले लावून घेऊ नका. पुण्यात काय लोक राह्यत नाईत?" 

म्हणून लिहितो. बीटी नसलेली, बीटीसोबत फुलणारी साधी कपाशी, यंदा उगवेल अशी, कोणाकडे पसाभर जरी असली तरी खाली लिहा. मी येऊन घेऊन जाईन, धारणीपर्यंतही येईन. आठातले दोन दिवस गेले आहेत, तेव्हा आजच कळवा.

अजून एक विचारतो. तिवसा भागातल्या कोणी त्या काळी माझ्या हातून थैली घेतली असेल आणि मी फेका म्हटल्यावरही ती पुडी घरी नेऊन कडेनं पेरली असेल, तर तेही कळवा. एकानं तरी पेरली असेल. त्याचं नाव मला समजू द्या.