बाइंडरकाकांची दुरुस्ती

"अगं, या बाईंचा घोटाळा बघ," बाइंडरकाका बायकोला म्हणाले. "पीएचडी करून बसल्यात आणि कव्हरवर काय घालायला सांगितलंय, तर डिझर्टेशन!"

काकू पुठ्ठ्याला सरस लावत होत्या. "अहो, त्यांनी लिहून दिलंय ना? मग तेच घाला."

"तुला नाही कळायचं. एमएचं ते डिझर्टेशन, पीएचडीचा तो थिसिस. एकतीस वर्षं हेच करतोय मी."

करतच होते. समोरच्या विद्यापीठाचे प्रबंध त्यांच्याच हातून बांधून जायचे. आतलं इंग्रजी काकांनी कधी वाचलं नाही, पण कव्हर तोंडपाठ: नाव कुठे, मार्गदर्शक कुठे, वर्ष कुठे. पोरं घाईत चुकीचं लिहून आणायची. काका गुपचूप दुरुस्त करायचे आणि कुणी आभार मानलेच तर हात झटकायचे, "अहो, तुमचं हसं झालं तर माझंच झालं की!"

त्यांनी अक्षरांचे पितळी खिळे जुळवले, तापवले आणि पाचही प्रतींच्या काळ्या कव्हरांवर सोनेरी 'थिसिस' उठवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई आल्या. शाळेत शिकवणाऱ्या, चाळिशीच्या. कव्हरवरून हात फिरवता फिरवता थबकल्या.

"काका, हे कुणी बदललं?"

"मीच!" काका खुशीत होते. "तसंच राहिलं असतं तर चारचौघांत शोभा झाली असती तुमची."

"मी टेकडीवरच्या नव्या विद्यापीठाची, काका. आमच्याकडे उलटं असतं. एमएचा थिसिस, पीएचडीचं डिझर्टेशन." बाईंनी घड्याळ पाहिलं. "चारला प्रबंध जमा करायची खिडकी बंद होते. आज शेवटचा दिवस."

उठलेलं सोनं निघत नाही. नवं कव्हर वाळायला रात्र लागते. काकूंनी नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"ताई, ओरडा तरी माझ्यावर."

"ओरडून काय होणार? चला, तुम्हीच सांगा तिथे."

खिडकीतल्या कारकुनाने कव्हर पाहिलं आणि बाहेर सरकवलं. "हे एमएचं झालं, बाई."

"चूक माझी आहे साहेब. मी बाइंडर. ताईंनी बरोबर लिहून दिलं होतं."

"म्हणजे ते तुम्ही होय!" कारकून हसत मागच्या टेबलावरच्या सहकाऱ्याकडे वळला. "अहो, सापडले बरं का!" मग पुन्हा काकांकडे वळून, "दरवर्षी तीन-चार येतात अशी कव्हरं. परतच पाठवतो आम्ही. एका पोराची तर टर्म गेली. रडला बिचारा, पण तुमचं नाव नाही घेतलं. म्हणाला, त्यांनी मायेनं केलंय."

काकांना वाटायचं, पोरं पास झाली, म्हणून परत दिसत नाहीत.

"आठ दिवसांत कव्हरं बदलून देतो, असं लिहून द्या. घेतो मी."

काकांनी लिहिलं. प्रबंध आत गेले, पोचपावतीवर शिक्का बसला. रांगेतून एक मुलगी ओरडली, "काका! तुम्ही इथे कसे?" त्यांनी मान वर केली नाही.

"चला काका, झालं काम."

"तुम्ही व्हा पुढे, ताई." ते खिडकीशी वाकले. "साहेब... त्या टर्म गेलेल्या मुलाचं नाव मिळेल?"

"कशाला?"



"ओ काका, सरका ना," मागून कुणीतरी म्हणालं, "चार वाजतायत."

ते सरकले.