काडी चालते म्हणे!

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, म्हणजे मला पुढचं नीट सांगता येईल. कारण या किश्शात शहाणी एकच आहे, आणि ती मी नव्हे.

तीन रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नव्हता. माझी चार वर्षांची कुसुम, चांगली खाती-पिती पोर, एका सकाळी कुंपणापासून पळत आली आणि म्हणाली, "आई, काडी चालते."

आम्ही तेव्हा देवरीला होतो. स्वातंत्र्याला चार-पाच वर्षं झाली असतील. यांना तिथल्या शाळेवर नेमलेलं, आणि आमच्या परसातल्या पेरूच्या पलीकडे रानच सुरू व्हायचं.

"वाऱ्यानं हलली असेल गं," मी म्हटलं.

"वारा नाही. तिला पाय आहेत. ती पेरूचं पान खाते."

आता सांगा, काडीनं पान खायचं? पानं काडीला येतात, काडीच्या पोटात जातात का? मी मॅट्रिक झालेली, नागपूरची. लग्नात भावानं बालसंगोपनावरचं एक जाडजूड पुस्तक दिलेलं. ते काढलं. गोवर होता, जंत होते, डांग्या खोकला होता. चालती काडी नव्हती! शेवटी पोट साफ नसलं की मुलांना भास होतात, असं कुठल्याशा कोपऱ्यात सापडलं.

झालं. एरंडेलाची बाटली काढली. "कुसुम, आ कर."

दुसऱ्या दिवशी म्हणाली, "काडी डुलते. मी फुंकर मारली की जास्त डुलते." दुसरा चमचा.

तिसऱ्या दिवशी ती काहीच म्हणाली नाही. त्याची तर मला जास्तच धास्ती वाटली. तिसरा चमचा.

"अगं, मुलं बोलतात काहीबाही," हे म्हणाले. शाळेत साठ पोरं हाकणाऱ्या माणसाला एका पोरीची कसली काळजी!

मग मी एक चूक केली. पार्बताबाईंना सांगितलं.

पार्बताबाई म्हणजे आमच्या शेजारच्या. धानाची शेती त्यांची, आणि रानातून येताना सगळ्या आळीसाठी करंजाच्या दातुनांची जुडी आणायच्या. माझा दंतमंजनाचा डबा संपला तसं मलाही दातून चावायला त्यांनीच शिकवलं. त्या जुडी रात्री आमच्या कुंपणावर ठेवायच्या, दवानं दातून ओलं राहतं म्हणून. सकाळी कुंपणालगतच्या विहिरीच्या ओट्यावर सगळ्या बायका तोंडात एकेक काडी धरून गप्पा मारायच्या. हे लक्षात ठेवा हं, पुढे लागणार आहे.

"काडी चालून राहिली म्हणते?" पार्बताबाईंच्या तोंडातलं दातून थांबलं. "मास्तरीणबाई, हे बाहेरचं आहे. मंगळवारी पोट्टीले गुनियाकडे नेऊ. तो धूप दाखवते अन् शेंडीवरची बट कापते. बस, उतरलं!"

"छे! माझा नाही असल्या मांत्रिकाच्या झाडफुंकीवर विश्वास," मी ताठ मानेनं म्हटलं. आणि मनात मंगळवारला किती दिवस उरलेत ते मोजलं. दोन! माझ्या मॅट्रिकच्या सर्टिफिकेटला पेटीतल्या पेटीत घाम फुटला असेल.

कुसुमचे केस पहिल्यांदाच कुठे वेणीत मावायला लागले होते हो. ती बट कापायची? नाही म्हणजे नाही. मंगळवारच्या आत पोरीला समजावून बरं करायचं, असं मी ठरवलं.

सोमवारी सकाळी तिला विहिरीवर घेऊन गेले. पार्बताबाईंनी कुंपणावरची जुडी आणून ओट्यावर ठेवली.

"दाखव बघू, कुठली काडी चालते?"

कुसुमनं बोट केलं. "ती. लांब आहे ती."

"ही?" मी जुडीतून ती काडी उचलली. चांगली वीत-दीड वीत, तपकिरी, गाठी-गाठींची. जरा हलकी वाटली, पण मी म्हटलं, वाळली असेल. "बघ, हिला पाय आहेत? ही पान खाते? ही दातून आहे बाळ. आई आता हिनंच दात घासणार. बघा हो सगळ्या!"

सगळ्या बघत होत्या. मी टोक दाताला लावलं.

आणि काडीनं पाय सोडले.

सहा होते! दोन माझ्या हनुवटीवर, दोन गालावर, बाकीचे कुठे होते ते मोजायला मी शुद्धीवर होते कुठे? ती नाकावरून, कपाळावरून, सावकाश, जणू नागपूरचा रस्ता माहीत असल्यासारखी केसांत चढली.

"काडी चालली! अहो, काडी चालली! तिला पाय आहेत!" मीच ओरडत सुटले.

विहिरीवर हसून हसून एकीची बादली आत गेली. पार्बताबाईंनी ती काडी माझ्या अंबाड्यातून अलगद सोडवून पेरूच्या फांदीवर ठेवली.

"हा तं काडीकिडा हो, बाई! पण मी बोटाएवढाले पाह्यले. एवढा मोठा कधी नाई पाह्यला."

"मग मला आधी का नाही सांगितलंत?"

"मले काय मालूम! तुमी तं काडीचं सांगून राहिल्या होत्या. पोट्टीले कोणी इचारलं?"

खरंच, कोणी विचारलं होतं? मी फांदीजवळ गेले. पुढचे दोन पाय किड्यानं डोक्यापुढे सरळ ताणले होते, आणि पुन्हा नुसती काडी झाला होता. मी हळूच फुंकर मारली. तो डुलला. आणखी मारली, आणखी डुलला. अगदी कुसुम म्हणाली होती तस्साच. किती वेळ मी वाकून फुंकरा मारत होते कोण जाणे.

मागे वळले तर कुसुम नव्हती. घरातून येत होती ती, दोन्ही हातांनी काहीतरी छातीशी धरून. मला वाटलं, आता म्हणेल, मी सांगितलं होतं ना? म्हणू दे, तिचा हक्कच होता.

तिनं एरंडेलाची बाटली ओट्यावर ठेवली, चमचा पदराला पुसला, माझ्याच पदराला, आणि माझ्याकडे फार काळजीनं बघत म्हणाली,

"आई, आ कर."