ओळख करून देणारीच हरवली

आमच्या खेळाचं नाव ओरिएंटियरिंग. कुणी "काय?" म्हटलं की मी तेच नाव जरा खालच्या आवाजात पुन्हा सांगते. हातात नकाशा आणि होकायंत्र घ्यायचं, डोंगरावर जागोजागी टांगलेल्या खुणा ठरलेल्या क्रमाने शोधायच्या आणि लवकरात लवकर परत यायचं. एवढं सांगून होईपर्यंत समोरून "म्हणजे ट्रेझर हंट" असं आलेलं असतं.

स्वारगेटला आमच्या ऑफिसात मी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा पलीकडच्या टेबलावरच्या गृहस्थांनी चष्मा काढून पुसला. "मोबाईलमध्ये मॅप असताना, रविवारी पहाटे उठून, स्वतःचं पेट्रोल जाळून हरवायला जायचं. छान आहे." सगळे हसले. मीही हसले आणि दिवसभर खाली मान घालून काम केलं.

मला या खेळात आणलं ते सरांनी. ते नकाशे काढण्याच्या सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. गुडघे दुखत असताना कात्रजच्या पुढचा एक डोंगर त्यांनी दोन हिवाळे पायाखाली घातला आणि त्याचा नकाशा केला. प्रत्येक मोठा दगड, प्रत्येक ओघळ, कुंपणाला पडलेलं भगदाडसुद्धा त्यात होतं. खेळायला मात्र आम्ही तीन-चार जणच. ते कधी तक्रार करायचे नाहीत. एकदाच म्हणाले, "एवढं काढलंय, तर वापरायला कुणीतरी हवं हो."

म्हणून मागच्या थंडीत नवख्या लोकांसाठी एक सकाळ ठेवायची असं ठरलं. बोलवायचं काम मी अंगावर घेतलं. धायरीतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर, ऑफिसच्या ग्रुपवर, शाळेच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर मेसेज टाकले. अंगठे भरपूर आले. मी सरांना सांगून टाकलं, "पंचवीस तरी धरा."

आले चौघं. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू, आयटीतल्या दोन मुली आणि ऑफिसमधले नागपूरकडचे एक सहकारी. आम्ही पार्किंगमध्ये बराच वेळ वाट पाहिली. रस्त्यावर गाडी दिसली की मी दोन पावलं पुढे जायचे, ती सरळ निघून जायची. सरांनी प्लॅस्टिकमध्ये घातलेले नकाशे वाटले आणि उरलेला गठ्ठा पिशवीत सारला. मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकले. नाडी सुटलेली नव्हती.

या सगळ्याची भरपाई करायची म्हणून असेल, मी जरा जास्तच जोरात बोलायला लागले. झाडाला टांगलेली केशरी-पांढरी कापडी खूण दाखवली, तर काकू म्हणाल्या, "दिवाळीचे कंदील उरलेत वाटतं." मी प्रत्येकाला एकेक शिट्टी दिली आणि सांगितलं, "रस्ता चुकलात तर आहात तिथेच थांबा, तीनदा शिट्टी वाजवा. आम्ही येतो. लाजायचं काही कारण नाही." मग पहिल्या दोन खुणा मी स्वतः करून दाखवणार होते. सर हळूच म्हणाले, "होकायंत्र बघत जा."

"अहो सर, इथे मी डोळे मिटून जाईन."

लोक बघतायत म्हणून मी पळत सुटले. पहिली खूण ओघळाच्या तोंडाशी होती. त्या उतारावर एकसारखे दिसणारे दोन ओघळ शेजारी-शेजारी आहेत. सरांनी दोन्ही नीट दाखवले होते. मी नकाशा हातात घेतला होता, पण बघितला नाही. अलीकडच्या ओघळाऐवजी पलीकडच्यात शिरले, खूण दिसेना म्हणून आणखी खाली गेले, मग डावीकडे वळले. समोर एका नव्या गृहप्रकल्पाची भिंत आली. नकाशात भिंत होती, पण मी जिथे आहे असं समजत होते तिथे नव्हती.

भिंतीतल्या फटीतून वॉचमनने विचारलं, "काय पायजे मॅडम?"

"काही नाही. वॉकिंग."

"इकडून रस्ता न्हाय."

मी वर चढले. आता सगळी झुडपं सारखीच दिसायला लागली. खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. पण शिट्टी वाजवायची म्हणजे नुकतंच ज्यांना शिकवलं त्यांनाच हाक मारायची. चुकून कुणी ऐकू नये म्हणून की काय, मी शिट्टी मुठीत घट्ट धरून चालत राहिले. ऊन वर आलं. मोबाईल मी ऐटीत सरांच्या पिशवीत ठेवून आले होते. सर गुडघे धरत मला शोधायला निघाले असतील, असं मनात आलं तेव्हा कुठे मी थांबले आणि शिट्टी वाजवली. पहिली इतकी हलकी वाजली की मलाच नीट ऐकू आली नाही. मग जोरात वाजवली.

काही वेळाने वरून शिट्ट्यांचं उत्तर आलं आणि चौघंही उतरताना दिसले. त्यातली एक मुलगी नकाशा फिरवून-फिरवून बघत होती. "मॅडम, आपण इथे आहोत. तुम्ही नेक्स्ट वाल्या ओघळात आलात." तिने नकाशावर बोट ठेवलं. बरोबर ठेवलं होतं. नागपूरकडचे सहकारी म्हणाले, "होते मॅडम असं, काय नाही." काकूंनी मला पाण्याची बाटली दिली आणि सगळ्यांसमोर माझ्या केसांतली काटकी काढली. त्या काटकीने मला शिट्टीपेक्षा जास्त लाजवलं.

वर गेल्यावर सरांनी फक्त विचारलं, "लागलं तर नाही ना कुठे?" ते रागावले असते तर बरं झालं असतं.

सोमवारी ऑफिसात पाऊल ठेवलं तर पलीकडच्या टेबलावरून, "या या, सापडलात!" नागपूरकडच्या सहकाऱ्यांनी प्रेमाने सगळं सांगून टाकलं होतं. लिफ्टमध्ये, कँटीनमध्ये तोच विषय. सोसायटीत काकूंनी सांगितलं, तेही रंगवून. आठवडाभर मी जिन्याने उतरत होते. मग एकेक जण विचारायला लागला, "पुढचं कधी आहे तुमचं ते? आम्हालाही हरवायचंय."

पुढच्या वेळी पार्किंग भरलं. मला आनंद व्हायला हवा होता. मी सरांना म्हटलं, "तुमचं दोन हिवाळ्यांचं काम बघायला कुणी आलं नाही. माझी फजिती ऐकून आले."

सर होकायंत्र पुसत होते. "आले ना? मग ती सांगा सुरुवातीलाच."

तेव्हापासून दर वेळी मी ती सांगते. लोक हसतात, माझे कान अजून गरम होतात. त्या गर्दीतले बहुतेक पुन्हा फिरकले नाहीत. ती नकाशा फिरवणारी मुलगी टिकली. ती आता माझ्यापेक्षा कितीतरी वेगाने पळते.

गेल्या महिन्यात एक धिप्पाड गृहस्थ आले होते, दर रविवारी सिंहगड चढणारे. सगळे परतले तरी त्यांचा पत्ता नव्हता. शेवटी पार मागच्या रस्त्याने, डांबरी सडकेवरून चालत आले आणि कुणाकडे न बघता थेट आपल्या मोटारसायकलकडे गेले. तो चेहरा मी ओळखला. मागे धावले आणि म्हटलं, "अहो, दुसरा ओघळ ना? मीही तिथेच गेले होते."

"मला वेळ नव्हता, म्हणून सोडलं," ते म्हणाले.

"पुढच्या वेळी दोघं मिळून जाऊ."

"बघतो."

पुण्यात 'बघतो' म्हणजे काय ते मला माहीत आहे. त्यांनी हेल्मेट चढवलं, काच खाली ओढली आणि गाडी सुरू केली. वळणावर ते दिसेनासे होईपर्यंत मी तिथेच उभी होते. चुकले ते होते, आणि पुन्हा सगळ्यांत परत जायला पाय माझे उचलत नव्हते.