दीनानाथांनी घातलेला घाट

सिंगापूरला, टॅम्पिनीसच्या फ्लॅटमध्ये उल्काताई पोळ्या लाटत होत्या आणि बाहेर हॉलमध्ये बापलेकीचं जुंपलं होतं, लेकीच्या सिंगापुरी 'लाह'सकट.

"बाबा, स्वित्झर्लंडला मस्त ट्रेन आहे. गाडी नको, लाह! सुपरमार्केटची ट्रॉली तरी सरळ जाते का तुझी?"

"लायसन्स आहे माझं, अदिती!"

"लायसन्स आहे, गाडी कधी होती? आई बसणारच नाही तुझ्या शेजारी."

दीनानाथांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "एकदा तिला शेजारी बसवून घाट चढायचाय गं. बाकी काही नाही."

आत पोळी करपली.

बँकेचे हिशेब चोख ठेवणारा हा माणूस, पण रस्त्यात छत्री विसरेल, चुकीच्या बसमध्ये बसेल. म्हणून उल्काताई त्याला कोपऱ्यावरच्या दुकानातही एकटं पाठवत नसत. तरी स्वित्झर्लंडला पोहोचल्यावर त्या भाड्याच्या गाडीत बसल्या.

बसल्या त्या सवयीने डावीकडे. आणि तिथल्या गाडीचं स्टिअरिंग नेमकं त्यांच्याच पुढ्यात! उजवीकडे दीनानाथ पट्टा बांधून, गणपतीचं नाव घेऊन चावीला भोक शोधत होते.

"अहो, मी चालवू का?"

"उतर गं, उतर!"

नदीकाठच्या खोऱ्यातनं गाडी झकास गेली. घाटात मात्र एका अरुंद वळणावर वरून ही मोठी बस आली. खाली दरी. आता गाडी मागे घ्यायची. दीनानाथांनी एकदा आरशात पाहिलं, एकदा दरीत.

"तू उतर. खालून ट्रेन धर," ते म्हणाले.

उल्काताई उतरल्या. पण त्या कराडच्या ट्रकवाल्याची लेक. पदर खोचला नि गाडीमागे जाऊन उभ्या राहिल्या.

"येऊ द्या! येऊ द्या! अजून येऊ द्या... चाक कापा, कापा! बऽऽस!" आणि डिकीवर दोन थापा.

बसवाल्याने टोपी काढून सलाम ठोकला आणि बस अलगद खाली गेली. उल्काताई परत शेजारी येऊन बसल्या.

"हाणा आता."

"घाबरली नाहीस?"

"तुमच्याइतकी नाही."

घाट चढून झाला. सिंगापूरला परतल्यावर उल्काताईंनी नवऱ्याच्या मागे मागे फिरणं सोडलं. जा म्हणायच्या, आणा काय आणायचं ते.

पाच वर्षांनी एका दुपारी दीनानाथ जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. त्या सकाळी ते एकटेच कोथिंबीर आणायला गेले होते आणि नेहमीसारखी सेलरीची जुडी घेऊन आले होते.

"पानं तशीच दिसतात गं."

"दिसतात हो," म्हणत उल्काताईंनी ती आमटीत चिरून टाकली होती.