कानबाईचे डोळे

जळगावला चित्रकलेच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असताना मी अख्ख्या जगाच्या पापण्या खाली पाडल्या होत्या. कॉलेजची सहल अजिंठ्याला गेली, तिथल्या भिंतींवरचे ते अर्धे मिटलेले डोळे पाहून मी गार झालो, आणि त्यानंतर समोर कुणीही बसो, माझ्या कागदावर त्याचे डोळे मिटायलाच लागायचे. मॉडेल म्हणून बसणारे आमचे वॉचमन काका एकदा चित्र पाहून म्हणाले, "भाऊ, मी घेत नाही हो." मी त्यांना करुणरस म्हणजे काय ते समजावून सांगितलं. पिंप्राळ्याच्या खोलीवर पार्टनरलाही समजावत असे. तो फार्मसीचा; करुणरस सुरू झाला की हेडफोन लावायचा.

श्रावणात खानदेशात घरोघरी कानबाई ही देवी बसते म्हणून साक्रीकडच्या आमच्या गावी गेलो. आमच्या भाऊबंदांची कानबाई म्हणजे कलशावर ठेवलेला, पणजोबांच्या काळापासून जपलेला नारळ. त्याला नथ, डोरलं, वरून ओढणी, आणि मुख्य म्हणजे डोळे. हे डोळे दरवर्षी मोठी काकू काजळानं काढायची. दोन वाटोळे, टपोरे, जरा वेडेवाकडे. पहिल्या वर्षाच्या निबंधात मी त्यांना 'लोकशैलीतील बाळबोध रेखाटन' म्हटलं होतं आणि मार्क मिळवले होते.

यंदा काकूला दिसत नव्हतं. एक डोळा गेल्यातच जमा होता. दुसऱ्याचं ऑपरेशन धुळ्याला ठरलं होतं, पण डॉक्टरांनी खात्री काही दिली नव्हती. "आधी कानबाईले भेटसू, मंग जासू," असं म्हणून तिनं ते पुढे ढकलायला लावलं होतं. दरवर्षी ती कानबाईपुढे बसून, नजरेला नजर देऊन, वर्षभराचं सगळं सांगते. यंदा ती काय सांगणार हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

काजळाची डबी तिनं माझ्या हातात दिली. "तू शिकेल शे. यंदा तू काढ."

काजळ मी बाजूला ठेवलं. माझ्याकडे ॲक्रिलिक रंग होते, सगळ्यात बारीक ब्रश होता, आणि जमलेल्या चुलतभावंडांसाठी एक व्याख्यानही तयार होतं. खूप खपून मी नारळावर अजिंठा उतरवला. लांबट डोळे, जड पापण्या, खाली झुकलेली नजर. फोटो काढून वर्गाच्या ग्रुपवर टाकला, तिथे अंगठ्यांची रांग लागली.

मग काकूला धरून आणलं. तिला अगदी जवळचं तेवढं दिसायचं. नारळाला नाक लागेल इतकी ती वाकली. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, मान वाकडी करून खालूनही पाहिलं.

"जपी गई का रे कानबाई?"

"झोपली नाही काकू," मी म्हणालो, "ती अंतर्मुख आहे."

"मन्हाकडे देखस का?"

मीही वाकून पाहिलं. माझ्या कानबाईची नजर कलशाच्या काठापर्यंत जाऊन तिथेच थांबत होती.

"मंग मी सांगू कोनले?" काकू म्हणाली. ती रागावली नव्हती. तिचा आवाज कापत होता. तिला किती भीती वाटतेय हे मला तेव्हा कळलं.

ॲक्रिलिक वाळलं की पाण्यानं निघत नाही, हे व्याख्यानात मीच ऐटीत सांगून बसलो होतो. नखानं आणि ओल्या फडक्यानं खरडत राहिलो. चुलतभावंडं आता गप्प बसून ऐकण्याऐवजी सल्ले देत होती. नैवेद्याच्या रोटांचं पीठ मळणाऱ्या बायका डोकावून जात होत्या, आणि कॉलेजात हेच शिकवतात का, असं एकीनं विचारलंसुद्धा.

नारळ कसाबसा साफ झाला तेव्हा मी काकूला समोर बसवलं. "माझ्याकडे बघ," म्हटलं.

दोन वर्षांत मी वॉचमन काढले, प्लास्टरची मुंडकी काढली, स्वतःचा डावा हात तर कितीदा काढला. काकूकडे असं कधी पाहिलंच नव्हतं. एका बुबुळावर दुधाळ पडदा होता. दुसऱ्या डोळ्यातून पाणी येत होतं, पण मी दिसावा म्हणून तिनं दोन्ही डोळे ताणून उघडे ठेवले होते. मी काजळात बोट बुडवलं आणि दिसले तसे काढले. वाटोळे, टपोरे, सताड उघडे. शैली कोणती म्हणून परीक्षेत विचारलं तर मी नापास होईन.

काकू पुन्हा वाकली. मग हळूच म्हणाली, "देखस ना वं माय?"

तिचं सांगणं तिचं असतं, म्हणून मी उठलो. दाराशी पोचलो तोच तिनं हाक मारली.

"एक डोया मोठा व्हई गया रे."

"लहान करू का?"

"नको, ऱ्हाऊ दे. आते मन्हा वाटानं बी तिलेच देखनं शे."