मावशीच्या दोन भाकरी

चाकूरजवळच्या एका गावात मी आहाराच्या प्रश्नावलीची पडताळणी करत होते. लोक सांगतात तेवढंच खातात का, हे वजनकाटा घेऊन त्यांच्या चुलीपाशी बसून बघायचं. एका मावशीनं सांगितलं होतं, "दुपारी दोन भाकरी."

दुसऱ्या दिवशी मी तिच्या ताटातल्या दोन्ही भाकरी तोलल्या. तिनं हाताचं पीठ पदराला पुसलं आणि त्यातली एक भाकर पिठलं घालून माझ्यापुढं सरकवली.

"मावशी, तुमचं जेवण मोजायचंय!"

"मोज की. पर चुलीपाशी आलेली लेक उपाशी अन् मी खाऊ व्हय? खा मुकाट्यानं!"

खाल्ली. कागदावर मावशी खोटी ठरली. खरं तर ती रोज दोनच भाकरी खायची, मी तपासायला येईपर्यंत.